इर्मेलीने हात केला

समुद्रावर चाला, असं तुम्हीच सांगितलंत. दुसऱ्या कुणी नाही. गुळगुळीत कागद, पाच भाषा, वर निळं आभाळ, खाली पांढराशुभ्र बर्फ आणि त्यावरून हसत चाललेलं जोडपं. हेलसिंकीला या आणि समुद्रावरून पायी बेटावर जा. फोटो कुठल्या महिन्यात काढला ते लिहिलं नाहीत. बर्फ कुठल्या महिन्यात कुजतो तेही लिहिलं नाहीत. बंदरावर, विमानतळावर, हॉटेलांच्या टेबलांवर तो कागद फुकट वाटलात आणि आपण नगरपालिकेच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर खिडकीला पाठ लावून बसलात. समुद्र तुमच्या पाठीमागेच होता. मान वळवायला काय धाड भरली होती?

आता काय झालं ते ऐका.

इर्मेली लेहतोवारा, वय चौऱ्याहत्तर. बंदरातल्या बोटींवर सत्तावीस वर्षं तिने खलाशांना जेवायला घातलं. आता किनाऱ्यावरच्या चार मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर एकटी राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आख्खी खाडी दिसते आणि पलीकडे लेप्पाकारी बेट. हिवाळ्यात ती आठवड्यातून दोनदा त्या बेटाच्या कडेला जाते, बर्फाला भोक पाडते, गळ सोडते आणि तीन-तीन तास स्टुलावर बसून राहते. मासे मिळाले तर मिळाले. तिथे कुणी बोलायला येत नाही, हा खरा फायदा.

बेटाची वाट फांद्यांची. पूर्वी तुमचा माणूस यायचा. दर सोमवारी बर्फाला गिरमिट लावायचा, जाडी मोजायचा, धक्क्यावरच्या पाटीवर खडूने लिहायचा आणि चांगल्या बर्फावरून बेटापर्यंत फांद्या रोवून वाट आखायचा. मार्च अर्धा सरला की फांद्या उपटायचा, पाटीवर लाल फुली मारायचा. चार हिवाळ्यांपूर्वी तो यायचा थांबला. मग पाटीही गेली. इर्मेलीने फोन केला तेव्हा एका मुलीने गोड आवाजात सांगितलं की आता सगळं मोबाइलवर असतं. इर्मेलीने मोबाइलवर बघितलं. तिथे लिहिलं होतं, बर्फावर जाणं ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर. फिनिश भाषेत. पाच भाषा फोटोपुरत्या.

तेव्हापासून फांद्या इर्मेलीच लावते. जानेवारीत नाताळ उतरला की इमारतीतले लोक आपापली झाडं अंगणात आणून टाकतात. इमारतीची देखभाल करणारा तौनो त्यांचे शेंडे छाटून देतो. ती ते घसरगाडीवर लादते आणि तीस-तीस पावलांवर रोवत जाते. वाट सुरू होते ती गालिचे धुण्याच्या जुन्या लाकडी धक्क्यापासून. इमारतीच्या बरोबर समोरून नाही, डावीकडे दोनशे पावलांवरून. कारण इमारतीसमोर पुलाखालचा प्रवाह येतो. तिथला बर्फ कडाक्याच्या थंडीतही बोटभर जाड होत नाही.

लावायचं काम तिने घेतलं. काढायचं घेतलं नाही. बर्फ वितळला की फांद्या वाहून जातात, त्यात काय काढायचं? इथे कुणीही मार्चच्या अखेरीला फांदी बघून चालत नाही. जो तो बर्फाचा रंग बघतो, बुटाखालचा आवाज ऐकतो. करडा दिसला, चुरचुर वाजला, की मागे फिरायचं. जाड असतो तो, पण आतून भुसभुशीत, ओल्या साखरेसारखा. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आईच्या पोटातूनच शिकून येतात, अशी समजूत.

त्या मार्चात तिसऱ्या मजल्यावर एक परदेशी राहायला आला. दुआर्ते नावाचा, पोर्तुगालचा, भूगोलाचा निवृत्त मास्तर, सहासष्ट वर्षांचा. भाचीच्या मैत्रिणीचं घर तीन आठवडे रिकामं होतं, तिथे उतरला. खिशात एक तांबडी वही. दिसेल ते लिहायचा.

इर्मेलीशी त्याची गाठ पडली ती विचित्र तऱ्हेने. इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, आहे आणि भिंतीवर पाळ्यांचा तक्ता आहे. शुक्रवारी सहा ते सात इर्मेली. एकोणीस वर्षं तीच पाळी. त्या शुक्रवारी ती टॉवेल, साबण घेऊन खाली उतरली तर आत हा बाबा पोहण्याची चड्डी घालून, घामाने निथळत, वही गुडघ्यावर ठेवून बसलेला. त्याने हसून ‘या, या’ केलं. इर्मेलीने दार लावलं, वर गेली आणि टॉवेल मांडीवर घेऊन तासभर स्वयंपाकघरात बसून राहिली. तशीच झोपली. ‘ही माझी वेळ आहे’ ही चार शब्दांची गोष्ट तिच्या तोंडून निघाली नाही. दुसऱ्या दिवशी तौनोने त्याला तक्ता वाचून दाखवला. तो केक घेऊन माफी मागायला आला. मग तिला कॉफी ठेवावीच लागली.

कॉफीवर, वेलदोड्याचा पाव खाताखाता, त्याने वही उघडून वाचून दाखवलं. इंग्रजी दोघांचीही बंदरातली होती, पण समजत होतं. बसथांब्यावर इथे माणसं एवढी लांबलांब उभी राहतात, जणू प्रत्येक दोघांमध्ये एक न दिसणारा नातेवाईक उभा आहे. ट्राममध्ये मी एका बाईच्या शेजारी बसलो तर ती पुढच्या थांब्यावर उतरली आणि मागच्या डब्यात जाऊन बसली. मोठ्या चर्चच्या पायऱ्यांवर ऊन पडलं की लोक सूर्याकडे तोंड करून, डोळे मिटून, रांगेत उभे राहतात, आणि कुणी बोलत नाही, जणू तीच प्रार्थना. बाजारात कोळीण सुटे पैसे हातावर ठेवत नाही, ताटलीत ठेवते. आणि सगळ्यात शेवटी वाचलं, तेरा दिवस झाले, अजून मला कुणी हात केलेला नाही.

इर्मेलीला हसू येत होतं आणि रागही येत होता. तिने दुसरा पाव पुढे केला. तिच्या मते ते उत्तर होतं.

“तू जिन्यात त्याच्याशी बोललीस म्हणे,” तौनो नंतर म्हणाला. “आता काय, हिवाळा महिनाभर लांबणार.”

“जिन्यात नाही, घरात,” इर्मेली म्हणाली. “आणि तू आपला तक्ता बघ. दोन भाषांत लिही तो.”

गुरुवार होता, सकाळचे दहा. आठ दिवस सलग ऊन पडलं होतं, छपरांवरून पाणी ठिबकत होतं. इर्मेली गालिचा झोडायला अंगणात निघाली होती. कोट घातला, गालिचा खांद्यावर घेतला, दाराशी आली आणि तिला वरून बुटांचा आवाज आला. इथल्या रिवाजाप्रमाणे ती थांबली. जिन्यात कुणी असेल तर दुसऱ्याने दाराआड उभं राहायचं, वाट मोकळी झाली की निघायचं. तिने दारातल्या भिंगाला डोळा लावला.

दुआर्ते होता. लोकरीची टोपी, हातात काठी, पायात उंच रबरी बूट. आणि कोटाच्या खिशातून डोकावत होता तुमचा तो गुळगुळीत कागद.

तिला कळलं. एका क्षणात कळलं, कुठे चाललाय ते. वाक्य तोंडात तयार झालं, बर्फावर जाऊ नका. हात कडीवर गेला. तो तिच्या दारासमोर आला, जरा रेंगाळला, आणि ती श्वास धरून उभी राहिली. कडी काढली नाही. उतरू दे, अंगणात गाठू, दोन मिनिटांत सांगू. पन्नास वर्षांची सवय हातावर बसली होती, ती हात हलवू देईना. पावलं खाली गेली. बाहेरचं दार लागलं. तिने वीसपर्यंत मोजलं आणि मग निघाली.

अंगणात कुणी नव्हतं. गेला असेल ट्रामने कुठे, तिने स्वतःला समजावलं. मनाची समजूत घालायला माणसाला फार वेळ लागत नाही. तिने गालिचा दांडीवर टाकला आणि झोडायला लागली. पण दर फटक्याला तो खिशातला कागद डोळ्यांसमोर येत होता. अर्धा गालिचा तसाच सोडून ती वर आली, बूटही न काढता खिडकीशी गेली.

बर्फावर एक काळा ठिपका होता. फांद्यांच्या रांगेला धरून शहाण्यासारखा चालला होता. तिने फांद्या मोजल्या. नववी. दहावी. तिच्या फांद्या. तिनेच रोवलेल्या. तो त्यांच्यावर विश्वास टाकून चालला होता, आणि का टाकू नये? वाट म्हणूनच तर लावतात त्या.

इर्मेलीची पाचावर धारण बसली. तौनोचं दार तिने बुक्क्यांनी वाजवलं. त्याने उघडलं तेव्हा तिला फक्त बोट दाखवता आलं. तौनोने खिडकीतून बघितलं आणि एक शिवी हासडली, जी इथे छापता येत नाही. “एकशे बारा लाव. मी शिडी आणतो.”

फोनवरची बाई शांत होती. नाव विचारलं, जागा विचारली. सांगितलं, बर्फावरून चालणारी बचाव-नाव निघाली आहे, पंधरा मिनिटं लागतील. तुम्ही स्वतः बर्फावर पाय ठेवू नका, त्याला जागेवर थांबवता आलं तर बघा आणि फोन ठेवू नका. इर्मेली जिना उतरून इमारतीसमोरच्या किनाऱ्यावर पोचली तेव्हा तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. घाईत ती जवळच्या किनाऱ्यावर आली होती. धक्क्यावर नाही.

तो परत फिरला होता. बेटाला हात लावून असेल, किंवा अर्ध्यातून, पण तोंड शहराकडे होतं. रांगेवरच होता. तिने हाक मारली. पण आयुष्यात कधी मोठ्याने हाक मारलेली नसली तर आवाज ऐनवेळी उसना मिळत नाही. वारं समोरून होतं, शब्द तिच्याच तोंडात परत आले. मग तिने दोन्ही हात वर केले आणि हलवले. थांबा. थांबा.

तो थांबला. बघत राहिला. मग त्याने काठी टाकली, टोपी काढली आणि दोन्ही हातांनी, जीव तोडून, तिला उलटा हात केला. आणि फांद्यांची रांग सोडून सरळ तिच्याकडे चालायला लागला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. जवळजवळ तीन आठवडे ज्या माणसाला या शहरात कुणी हात केला नव्हता, त्याला पहिला हात तिने केला होता, आणि प्रवाहाच्या बरोबर पलीकडून. दोघांच्या मध्ये तो करडा पट्टा पसरला होता. वरून पांढरा, खालून पाणी.

तौनो शिडी ओढत आला आणि ओरडला, “हात खाली कर, बये! बोलावतेयस तू त्याला!”

तिने हात खाली घेतले. तो चालतच होता. ती मागे सरकली. तो चालतच होता. मधेच पुन्हा एकदा हात केला त्याने, लहान मुलासारखा.

“धक्क्यावर जा,” इर्मेली तौनोला म्हणाली. “शिडी घेऊन पळ. मी येते चालत.”

“चालत?”

“तो माझ्याकडे येतोय ना? मग मी जिथे जाईन तिथे येईल.”

तौनो पळाला. तिने वळून धक्क्याची वाट धरली. पळाली असती तर तो घाबरून पळाला असता. म्हणून चालली, आणि मान त्याच्या दिशेने वळवली नाही. नजरेला नजर भिडली की तो पुन्हा हात करणार, पुन्हा सरळ येणार. पाठ फिरवून कसं चालायचं ते इर्मेलीला कुणी शिकवायला नको होतं. सगळ्या शहराला ते येतं. पण मागे एक माणूस कुजक्या बर्फावर असताना तसं चालणं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

“दिसतोय का तुम्हाला तो?” फोनवरच्या बाईने विचारलं.

“माहीत नाही. मी बघत नाहीये.”

“बाई, बघा त्याच्याकडे. तो उभा आहे का?”

“बघितलं तर तो इकडे येईल आणि मरेल.”

“ठीक आहे,” बाई म्हणाली. “ मी आहे फोनवर.”

पन्नास पावलं. मागे काहीतरी कडकन वाजलं. बर्फ वाजतो, ऊन लागलं की वाजतोच, तिने स्वतःला सांगितलं. पाणी उसळल्याचा आवाज नव्हता. असला तर कसा येईल? बोटीवर एकदा एक खलाशी पडला होता, त्याचा आवाज आलाच नव्हता, फक्त टोपी राहिली होती पाण्यावर. नव्वद पावलं. एकशे वीस. एवढ्यात तो पट्ट्यावर पोचला असेल. किंवा वळला असेल. किंवा. तिने मोजणं सोडून दिलं. तिला त्याच्या वहीतलं वाक्य आठवलं, तो न दिसणारा नातेवाईक, आणि मनात आलं की या क्षणी आपल्या दोघांच्या मध्ये तोच उभा आहे आणि त्याचं वजन त्या बर्फाला झेपणार नाही.

धक्क्याच्या फळ्या पायाखाली आल्या तेव्हा ती वळली.

तो होता. उभा होता. वळला होता, तिरका चालत पुन्हा रांगेला लागला होता, तिसऱ्या फांदीजवळ, तोंडभर हसत. दुसरी फांदी. पहिली फांदी. तौनो म्हणाला, “आला,” आणि त्याच वेळी दुआर्ते धक्क्यापासून सात पावलांवर काखेपर्यंत खाली गेला.

काठावरचा बर्फ सगळ्यात आधी जातो. तेही कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

तो ओरडला नाही. त्याचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. गळ्यात अडकवायचे टोचे असते तर त्याने बर्फात रोवून स्वतःला ओढलं असतं. तुमच्या फोटोतल्या जोडप्याच्या गळ्यातही ते नव्हते. त्याचे हात बर्फाची कड धरत होते आणि कड तुकड्यातुकड्याने सुटत होती.

तेव्हा इर्मेलीचा आवाज फुटला. “हात पसरा! पाय मारा! बेडकासारखे पाय मारा!” पलीकडच्या किनाऱ्यावरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या असं नंतर लोक सांगत होते. चौऱ्याहत्तर वर्षांत साठलेला तो आवाज होता. ती धक्क्यावर पालथी झोपली, तौनोने शिडी बर्फावरून सरकवली आणि दोघांनी अलीकडचं टोक धरलं. पहिल्यांदा त्याचा हात निसटला. दुसऱ्यांदाही निसटला. तिसऱ्यांदा त्याने कोपर पायरीत अडकवलं आणि तसाच लोंबकळत राहिला, ओठ निळे, डोळे तिच्यावर. पुलाखालून बचाव-नावेची घरघर ऐकू येईपर्यंत ती त्याच्याशी बोलत राहिली. काय बोलली ते तिला आठवत नाही. तौनो सांगतो, त्याला सौनाच्या पाळ्या सांगत होतीस, सोमवारपासून शनिवारपर्यंत.

दोन दिवसांनी ती दवाखान्यात गेली. तो उशांना टेकून बसला होता, बोटांना पट्ट्या होत्या, पण बोटं सगळी होती. वहीचं पान न् पान सुजून वही विटेएवढी झाली होती. तो म्हणाला, सेन्योरा, तुम्ही हात केलात आणि मला इतका आनंद झाला. ती खाली बघत बसली. मग तिने सांगून टाकलं.

“तुम्ही निघालात तेव्हा मी दाराआड उभी होते. मला माहीत होतं तुम्ही कुठे चाललात. मी दार उघडलं नाही.”

दुआर्तेने पट्ट्या बांधलेला हात सुजलेल्या वहीवर ठेवला.

“मलाही माहीत होतं,” तो म्हणाला. “दारातल्या भिंगातला उजेड गेला होता. मी जरा थांबलोसुद्धा, म्हटलं काही म्हणणार असतील. मग वाटलं, इथली रीतच आहे.”

हे ऐकून इर्मेली घरी कशी आली ते तिलाच माहीत. तुम्हाला ते कळायचं कारण नाही. तुम्ही त्या दाराच्या कुठल्याच बाजूला उभे नव्हतात.

आणि दहाव्या दिवशी तुमचं पत्र आलं. दुआर्तेला नाही. इर्मेलीला. समुद्रावर विनापरवाना खुणा लावल्याचं आपण मान्य करता काय? सार्वजनिक सुरक्षेला बाधा आणल्याबद्दल चौदा दिवसांत लेखी खुलासा करावा. खाली सही, तीही छापील.

तौनो म्हणाला, “गप्प बस. कुणी बघितलंय तुला लावताना? सगळी इमारत मुकी आहे, एकाच्याही तोंडून निघायचं नाही.”

“तेच तर,” इर्मेली म्हणाली.

तिने टेबलावरचा कॉफीचा कप बाजूला सारला आणि तुमच्याच पत्राच्या मागच्या बाजूला पेनने लिहिलं. अक्षर मोठं आहे, चष्मा न लावता वाचता येईल. होय, फांद्या मी लावल्या. उपटायला हव्या होत्या, उपटल्या नाहीत, ती चूक माझी. दार उघडायला हवं होतं, उघडलं नाही, तीही माझी, आणि ती तुम्ही विचारलेली नाही तरी लिहून देते. माझ्या बाजूचं सगळं सांगून झालं.

आता तुमच्या बाजूचं. सोमवारी येणारा माणूस कुणी बंद केला, त्याचं नाव लिहा. तो बंद करून लोकांना समुद्रावर बोलावणं कुणी चालू ठेवलं, त्याचंही नाव लिहा. दुआर्ते धक्क्यापासून सात पावलांवर बुडाला म्हणून शिडी पोचली. प्रवाहाच्या पट्ट्यात बुडाला असता, तर हा खुलासा तुम्ही कुणाकडे मागितला असता? चौदा दिवस मीही देते. लेखी उत्तर द्या, आणि सही हाताने करा.